मूर्तिदान करून वीस वर्षं झाली, पंचगंगा अजून काळीच. आमचं नेमकं काय राहून गेलं?

विज्ञानबाई_कोल्हापूर:

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माहेर शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर, तेरवाड बंधाऱ्याच्या जवळ. सासर नदीच्या वरच्या अंगाला, माहेर खालच्या अंगाला. माझा प्रश्न त्यातूनच आलाय, म्हणून आधी हे सांगितलं.

2003 साली मी कॉलेजात होते. घरगुती गणपतींच्या विसर्जनाला आम्ही पाच-सहा मैत्रिणी पंचगंगा घाटावर मूर्तिदानासाठी उभ्या राहिलो. तेव्हा लोक सहजासहजी मूर्ती देत नसत. एक आजोबा आजही डोळ्यांपुढं आहेत. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात पाट, पाटावर फूटभर मूर्ती. मी म्हणाले, "आजोबा, पाणी शिंपडा, आरती करा आणि मूर्ती आमच्याकडं द्या." ते माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "पोरी, देव कुणी दुसऱ्याच्या हातात देतं व्हय?" बराच वेळ तसेच उभे होते. शेवटी त्यांनी मूर्ती तीनदा पाण्यात बुडवली, बाहेर काढली, खांद्यावरच्या उपरण्यानं तिचं तोंड पुसलं आणि माझ्या हातात दिली. माझ्या तळव्यावर रंगाचा गुलाबी डाग पडला, तो दोन दिवस गेला नाही.

आता घाटावर गुऱ्हाळातल्या काहिली मांडलेल्या असतात. लोक आपणहून येतात, आरती करतात, काहिलीत मूर्ती बुडवतात आणि देतात. पुढं त्या मूर्ती इराणी खणीत, म्हणजे पाणी साठलेल्या जुन्या दगडखाणीत, जातात. माझ्या मुलीनं कुणाला घरची मूर्ती नदीत सोडताना पाहिलेलंच नाही. तिच्या लेखी हीच रीत. हा बदल मी माझ्या डोळ्यांनी झालेला पाहिलाय, त्यामुळं "असल्या उपक्रमांनी काही होत नाही" असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

पण यंदा मे महिन्यात माहेरी गेले. सकाळी दादाबरोबर बंधाऱ्यावर गेले होते. बरगे (बंधाऱ्यात पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले, पाणी अडलेलं, शाईसारखं काळं. कडेनं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, पसरलेलं. आणि काठाजवळच्या उथळ पाण्यात मासे तोंड वर काढून हवा ओढत होते. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की मासे पृष्ठभागावर येतात, हे मी दरवर्षी सातवीला शिकवते. फळ्यावर ते एक वाक्य असतं. तिथं मात्र हाताच्या बोटाएवढी पिल्लं तोंडं उघडत-मिटत होती आणि दादा काही न बोलता उभा होता.

घरी आल्यावर वहिनी चहा देता देता म्हणाली, "वन्सं, तुम्ही गणपती दान करतासा, लै चांगलं करतासा. पर वरनं आमच्याकडं येतंय त्ये काय गणपतीचं पाणी न्हाई." तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच मला ते जास्त लागलं.

परत आले तर आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर 5 जूनच्या पर्यावरण दिनाची तयारी सुरू. 16 फ्लॅट आहेत. 25 रोपं, एक बॅनर, नगरसेवकांना निमंत्रण, पोहे-चहा. गेल्या वर्षी 20 रोपं लावली होती. मी काल मोजून आले. दोन जिवंत आहेत. बाकीच्या जागी काठ्या उभ्या आहेत आणि काठ्यांना सुतळी बांधलेली आहे, आत रोप नाही.

तर माझा प्रश्न असा. मूर्तिदान टिकलं, झाडं टिकली नाहीत, आणि दोन्ही करूनही नदी काळीच राहिली. असल्या प्रतीकात्मक गोष्टींतून खरा, टिकणारा बदल होतो का? होत असेल तर कधी होतो? आणि 5 जूनला मी त्या रोपांच्या कार्यक्रमाला जाऊ का नको? तुमचे अनुभव असतील तर जरूर सांगा.

---

रंकाळा_पहाटफेरी:

ताई, मी स्पष्ट लिहितो. माझ्या मते अशा उपक्रमांनी नुकसानच जास्त होतं. माणूस वर्षातून एकदा काहीतरी चांगलं करतो आणि त्याला वाटतं आपला वाटा देऊन झाला. मार्चमधल्या एका शनिवारी रात्री तासभर दिवे बंद करायचे, ते 2007 साली सिडनीत सुरू झालं आणि जगभर पसरलं. आमच्या कॉलनीतही करतात. साडेनऊला दिवे लागतात आणि उकडायला लागलं म्हणून सगळ्यांचे एसी एकदम सुरू होतात. 2018 साली राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, पहिला महिनाभर मंडईत सगळ्यांच्या हातात कापडी पिशव्या. आज जाऊन बघा.

मी 31 वर्षं रोज पहाटे रंकाळ्यावर फिरतोय. केंदाळ काढायची श्रमदानं किती झाली याची गणतीच नाही. मी स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरून ओढलंय. पण सांडपाणी तळ्यात येतंय तोवर त्याला खत मिळतंय, आणि खत मिळतंय तोवर केंदाळ परत येणार. आम्ही आठ दिवस काढायचो आणि ते महिन्या-दीड महिन्यात पुन्हा भरायचं. माझं म्हणणं, रोपांच्या कार्यक्रमाला जाऊ नका. एकानं तरी नाही म्हणायला पाहिजे.

---

तालमीतला_थोरला:

ताई, राम राम. पहाटफेरीवाल्या काकांचं वय आणि अनुभव मोठा, पर माझं मत जरा येगळं हाय.

आमच्या तालमीची होळी म्हंजे पेठेत मोठी. मी पोरगा असताना शेणींचा, म्हंजे गोवऱ्यांचा, ढीग माडीला लागायचा. पोरं चार दिस आधी घराघरातनं शेणी गोळा करायची, कुणी न्हाई म्हनलं तर रात्री उचलायची. मग गावात शेणी दानाचं सुरू झालं. होळी लहान करायची आन् उरलेल्या शेणी पंचगंगा स्मशानभूमीला द्यायच्या. तालमीत लै वाद झाला. थोरली माणसं म्हनली, आपली होळी बारकी दिसली तर पलीकडची तालीम हासंल. शेवटी ठरलं, पाच शेणीची होळी आन् बाकी ट्रॉलीत.

मी पैल्या वर्षी ट्रॉलीबरोबर गेलो. तिथं काम करणारा मामा व्हता. त्यानं एकेक शेणी हातात घिऊन बघितली. वल्ली असली की बाजूला, वाळलेली आत. म्हनला, "वल्ली नका आणू रं, धूर हुतोय, माणसं आधीच रडत असत्यात." मग पावती दिली. त्या पावतीवर आमच्या तालमीचं नाव आन् शेणींचा आकडा. ती पावती आम्ही तालमीत बोर्डावर लावली. फुडल्या वर्षी पोरं आपणच म्हनली, औंदा आकडा वाढवायचा. आता पोरं शेणी आधी आठ दिस गच्चीवर वाळवत्यात, मग देत्यात.

आपल्या कोल्हापुरात अंत्यसंस्काराला पैसं घेत न्हाईत, ही लै मोठी गोष्ट हाय. आन् त्यात आपली शेणी जातीया हे समद्यास्नी म्हाईत हाय. माझा बाप गेला तवा मी तिथं उभा व्हतो. मला त्या ढिगाकडं बघून वाटलं, यातली एखादी आमच्याच गच्चीवर वाळल्याली असंल.

मला काय म्हनायचंय, ताई, शेणी दान ह्ये बी परतीकच हाय. दोन गाड्या शेणी जळायच्या ऱ्हायल्या म्हणून काय हवा साफ हुत न्हाई. पर देणाऱ्याच्या फुडं घेणारा उभा हाय. तो मोजतोय, चूक असली तर परत पाठवतोय. तुमच्या वीस रोपांना घेणारा कोण व्हता? बॅनर निघाला की रोप अनाथ झालं. मूर्तिदान टिकलं त्येचं बी कारण तेच. दरवर्षी त्याच पायरीवर तुमच्यासारख्या पोरी उभ्या ऱ्हायल्या म्हणून टिकलं.

---

चाकावरची_माती:

बाई, नमस्कार. आमचं घराणं गणपती करणारं. मूर्तींवर इतकं बोलणं झालं तर माझीही बाजू ऐका, कारण ती सहसा कुणी विचारत नाही.

गणपतीच्या आधी पंधरा दिवस लोकांना शाडू आठवतो. शाळांतून कार्यशाळा, पेपरात फोटो. आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणतं, "शाडूची द्या, दीड फूट, आणि प्लास्टरच्या भावात." प्लास्टर साच्यात ओतलं की अर्ध्या-पाऊण तासात सुटतं. शाडू मळायचा, साच्यात दाबायचा, सांधे बसवायचे, मग सावलीत वाळवायचा. आषाढातल्या आपल्या पावसात मूर्ती आठ-आठ, दहा-दहा दिवस ओली राहते. घाई केली की सोंडेपाशी चीर पडते. शाडू येतो गुजरातेतून, गाडीभाडं धरा. वजनाला जड, त्यामुळं उचलताना हात-कान मोडतात. मोडलेली मूर्ती कुणी घेत नाही. तो तोटा आमचा.

आमच्यात खरा बदल कशानं झाला सांगू? काही घरं पाडव्याला येऊन विसार देऊ लागली. पन्नास घरांनी चैत्रात नाव लिहून पैसे दिले की मी वैशाखात माती मागवतो, आणि ऊन आहे तोवर निम्म्या मूर्ती वाळवून ठेवतो. ती पन्नास घरं दरवर्षी येतात, आता त्यांची संख्या शंभरावर गेली. भाद्रपदातल्या भाषणानं माझ्या कारखान्यात एक मूर्तीही बदललेली नाही, चैत्रातल्या विसारानं बदलली.

आणि दान केलेल्या मूर्तीचं पुढं काय होतं तेही लोकांनी बघावं. खणीत प्लास्टर विरघळत नाही, तळाशी साठत राहतं. नदी वाचली हे खरंच आहे. पण मूर्ती दान केली म्हणून मग प्लास्टरची चालेल, असं म्हणणारीही घरं मी बघितली आहेत. त्याचं मला फार वाईट वाटतं.

---

विज्ञानबाई_कोल्हापूर:

सगळ्यांचे आभार. तालमीतल्या दादांची पावतीची गोष्ट मी दोनदा वाचली. आणि विसाराचं तर मला माहीतच नव्हतं. आम्ही दरवर्षी गणेशचतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात शाळेत शाडूची कार्यशाळा घेतो. म्हणजे सगळ्या मूर्ती तयार झालेल्या असतात तेव्हा. पुढच्या पाडव्याला मुलांच्या पालकांची यादी घेऊन मी स्वतः येईन.

पण वहिनीचं वाक्य मनातून जात नाही. मूर्ती थांबल्या तरी पाणी काळंच का?

---

अभ्यासिकेतला_कोपरा:

बाई, मी स्पर्धा परीक्षा देतोय, त्यामुळं हे सगळं अलीकडंच वाचून झालंय. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

22 एप्रिल 1970 ला अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन झाला. सुमारे 2 कोटी लोक रस्त्यावर आले, असं सांगितलं जातं. कुणी झाडू मारले, कुणी मोर्चे काढले. नुसतं तेवढं बघितलं तर पहाटफेरीवाल्या काकांचं खरं वाटेल. पण ज्या मुलांनी तो दिवस उभा केला होता त्यांच्यातल्याच एका गटानं लगेच निवडणुकीत हात घातला. पर्यावरणाच्या विरोधात मतं देणाऱ्या 12 खासदारांची यादी जाहीर केली, त्यातले 7 पडले. त्याच वर्षी डिसेंबरात तिथं पर्यावरण संरक्षणाची स्वतंत्र संस्था उभी राहिली, आणि 1972 साली नद्यांच्या पाण्याचा कायदा आला. वसुंधरा दिनाच्या आधीच्या वर्षी, 1969 साली, क्लीव्हलंड शहरातल्या नदीवरच्या तेलकट कचऱ्यानं पेट घेतला होता. म्हणजे लोकांच्या मनात राग होताच, त्या दिवसानं लोकांना एकमेकांची तोंडं दाखवली आणि पुढचं काम त्यातल्या थोड्यांनी केलं.

दुसरी गोष्ट आपल्याकडची, चिपको आंदोलनाची. झाडाला मिठी मारणं यापेक्षा मोठं प्रतीक कुठलं असेल? 26 मार्च 1974 ला आताच्या उत्तराखंडातल्या रेणी गावात पुरुष बाहेर गेलेले असताना गौरादेवी बायकांना घेऊन जंगलात गेल्या आणि झाडांपाशी उभ्या राहिल्या. पण त्या बायकांचं सरपण, चारा, पाणी सगळं त्याच उतारावर होतं. झाडं गेली तर दरड त्यांच्याच घरावर येणार होती. म्हणून त्या मागं हटल्या नाहीत.

मला वाटतं, आपल्या 5 जूनमध्ये हेच नाही. रोप मेलं तर आपलं कुणाचंच काही जात नाही.

---

पंपावरचे_काका:

विज्ञानबाई, मी निवृत्त माणूस आहे. उभा जन्म सांडपाण्याच्या पंपांवर गेला. टायपिंग हळू आहे, पण तुमच्या वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मला येतं, म्हणून लिहितो.

माणशी रोज 135 लिटर पाणी धरून शहराची योजना करतात. त्यातलं 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे माणशी 108 लिटर. तुमचे 16 फ्लॅट, घरटी चार माणसं, एकूण 64. रोजचं जवळजवळ 7 हजार लिटर. वर्षाचं 25 लाख लिटर. आणि तुमच्या 16 घरांच्या मूर्ती, एकेक पाच किलोची धरली तरी, वर्षाला 80 किलो. आता तुम्हीच सांगा, नदीला जड काय?

मूर्तिदान चुकीचं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. माझ्या घरची मूर्ती मीही देतो. पण नदीला वर्षातला एक दिवस जपलं आणि उरलेले 364 दिवस तिच्याकडं पाठ केली, असं आपलं झालंय.

शहराचं बरंचसं सांडपाणी जयंती नाल्यात येतं. तिथून ते पंपानं उचलून कसबा बावड्याच्या केंद्रावर नेतात, ते केंद्र रोज 7 कोटी 60 लाख लिटर शुद्ध करण्याच्या क्षमतेचं आहे. दुधाळीला दुसरं आहे, 1 कोटी 70 लाखांचं. केंद्र बांधलं की लोकांना वाटतं प्रश्न मिटला. पण केंद्रापर्यंत पाणी पोचलं पाहिजे ना. मोठा पाऊस आला की गच्च्यांवरचं, रस्त्यावरचं सगळं पाणी त्याच नाल्यात उतरतं, पंपाला झेपत नाही, आणि मैलामिश्रित पाणी बांधावरून थेट नदीत जातं. वीज गेली तरी तेच. आणि जी घरं ड्रेनेज लाइनला जोडलेलीच नाहीत त्यांचं पाणी गटारातून, ओढ्यातून वाट काढत जातं, ते कुठल्याच पंपावर येत नाही.

तेव्हा बाई, माझा तुम्हाला एकच प्रश्न. तुमच्या अपार्टमेंटचं सांडपाणी कुठं जातं? मेन लाइनला, का सेप्टिक टँकला? टँक असेल तर त्यातून बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यात जातं का गटारात? टँक शेवटचा कधी उपसला? दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. नाही उपसला तर तो टँक राहत नाही, नुसती वाट होते, मैला एका बाजूनं येतो आणि दुसऱ्या बाजूनं जातो.

हा प्रश्न मी आजवर किती जणांना विचारला असेल. शिकलेली, चांगली माणसं. दहातल्या नऊ जणांना आपल्या घरचं पाणी कुठं जातं ते माहीत नसतं.

---

बरगे_आणि_बांध:

मी खालच्या भागातला शेतकरी. बाईंच्या माहेरापासून लांब नाही. काकांनी आकडे सांगितले ते बरं झालं. मी एवढंच सांगतो की नुसतं कोल्हापूर नाही, खाली येईपर्यंत साखर कारखान्यांचं, इचलकरंजीच्या कापड प्रोसेसचं, गावागावांचं पाणी मिसळतं. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, माणसं दगावली. ते आम्ही विसरलेलो नाही.

उन्हाळ्यात नदी वाहत नाही, बंधाऱ्यापाशी डबकं होतं. मासे मेले की बातमी येते, बरगे काढतात, पाणी पुढच्या गावाला जातं. तिथले लोक पुढं ढकलतात.

2023 च्या दिवाळीत कोल्हापूरला काळम्मावाडी धरणाचं थेट पाइपलाइनचं पाणी आलं. आनंद आहे, शहराला चांगलं पाणी मिळायलाच पाहिजे. पण माझ्या मनात भीती आली. ज्याच्या घागरीत ही नदी येत नाही त्याला तिची काळजी किती दिवस राहील? आमच्या घागरीत ती अजून येते.

रोपं लावा, मूर्ती द्या, सगळं करा. पण एकदा तुमच्या सोसायटीतल्या लोकांना आमच्या बंधाऱ्यावर घेऊन या. मे महिन्यात या. चहा आमच्याकडं.

---

विज्ञानबाई_कोल्हापूर:

काका, तुमचा प्रश्न वाचून मी त्याच संध्याकाळी खाली गेले. इतकी वर्षं मी या इमारतीत राहते आणि सेप्टिक टँक कुठं आहे हे मला वॉचमनमामांना विचारावं लागलं. पार्किंगच्या मागं, गेल्या वर्षीच्या मेलेल्या रोपांच्या रांगेला लागून. बाहेर पडणारा पाइप कंपाउंडच्या भिंतीतून थेट गटारात उतरतो. गटार मागच्या ओढ्याला, ओढा जयंती नाल्याला. मी बॅटरी धरून पाच मिनिटं त्या पाइपाकडं बघत होते. कुणाच्या तरी वॉशिंग मशीनचं फेसाळ पाणी आलं, मग करडं, मग पुन्हा फेस.

कागद काढले. इमारत 1994 ची. रस्त्यातून ड्रेनेज लाइन नंतर गेली, तेव्हा जोड घ्यायचा विषय मीटिंगला आला होता, वर्गणी जास्त होते म्हणून पुढं ढकलला. त्या इतिवृत्तावर माझ्या नवऱ्याचीही सही आहे. टँक उपसल्याची शेवटची पावती नऊ वर्षांपूर्वीची.

मग मी वर्गात करते तसा हिशोब मांडला. घरच्या सांडपाण्यातला मैला कुजवायला जिवाणूंना लिटरमागं साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. उन्हाळ्यात स्वच्छ नदीच्या पाण्यातही लिटरमागं सात-आठ मिलिग्रॅमच असतो. म्हणजे आमच्या पाइपातलं एक लिटर पाणी नदीच्या तीस लिटरांतला श्वास काढून घेतं. रोजचं 7 हजार लिटर. त्या बंधाऱ्यावरच्या पिल्लांच्या तोंडाशी आमचा पाइप आहे, हे मला आकड्यांतून दिसलं तेव्हा रात्री झोप लागली नाही.

काल मीटिंग झाली. मी बॅनरच्या विषयाऐवजी हा विषय मांडला. दोन मजल्यांवरून विरोध झाला. "एवढं शहर सोडतंय, आपल्या सोळा घरांनी काय होणार?" सेक्रेटरीकाका गप्प होते. मी पाइपाचा व्हिडिओ दाखवला आणि वहिनीचं वाक्य तिच्याच शब्दांत सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी उठल्या, त्यांचंही माहेर शिरोळ तालुक्यातलं, नांदणीचं. म्हणाल्या, "माझ्या भावाच्या दारात मी हे सोडत होते आणि मला म्हाईत न्हवतं." त्यानंतर वर्गणीवर कुणी बोललं नाही. 16 पैकी 13 घरांनी होकार दिला, बाकीच्या तिघांशी आम्ही बोलतोय.

5 जूनला रोपं लावायची ठरली आहेत, पण 25 नाही, चार. दोन करंज, एक जांभूळ, एक ताम्हण. प्रत्येक रोप चार घरांच्या नावावर, पुढचा मे संपेपर्यंत पाण्याच्या पाळ्या लिफ्टशेजारी लिहिलेल्या. तालमीतल्या दादांच्या पावतीवरून हे सुचलं. पहाटफेरीवाले काका, मी जाणार आहे, रागावू नका.

पंपावरच्या काकांना एक विचारायचं आहे. टँक उपसायला गाडी बुधवारी येतेय. जोड घेण्यासाठी अर्ज तयार आहे, रस्ता खुदाईला पावसाळ्यानंतरच परवानगी मिळेल म्हणतात. पण आमचं शेवटचं चेंबर साधारण साडेतीन फूट खोल आहे. मेन लाइनला उतार मिळेल का, ते रस्ता न खोदता कसं कळणार?

---

पंपावरचे_काका:

बाई, रस्त्यातलं जवळचं मॅनहोल उघडून आत टेप सोडला की मेन लाइनची खोली कळते. तुमच्यापासून मॅनहोलचं अंतर मोजा, दोन्ही झाकणांच्या पातळीतला फरक साध्या पाण्याच्या नळीनं काढता येतो. मेन लाइन तुमच्या चेंबरपेक्षा पुरेशी खोल असली तर उतार मिळेल. साडेतीन फूट म्हणजे बहुधा मिळेल, पण मोजल्याशिवाय पाइप आणू नका.

झाकण तुम्ही उघडू नका. अर्जाबरोबर पाहणी मागा, त्यांची माणसं येऊन उघडतील. झाकण उघडल्यावर थोडा वेळ बाजूला थांबायचं, आत विषारी वायू असतो. आणि गाडी टँक उपसेल तेव्हा, काहीही अडकलं, कुणी कितीही घाई केली तरी, आत माणूस उतरू द्यायचा नाही. 2013 च्या कायद्यानं त्याला मनाई आहे, आणि माझ्या डोळ्यांदेखत असं गेलेलं माणूस मी पाहिलंय. बुधवारी तुम्ही स्वतः तिथं उभ्या राहा.

गच्चीवरचं पावसाचं पाणी या जोडात अजिबात सोडू नका, ते वेगळ्या पाइपनं झाडांकडं काढा.

पत्ता खासगी निरोपात कळवा. पाहणीच्या दिवशी मी येतो. टेप आणि नळी माझ्याकडं आहे.